सर्दी-तापासाठी तुळस, अडुळसा, गुळवेल: नवख्यांसाठी ओळख, मापं आणि धोक्याच्या खुणा

पावसाळा लागला की घरोघरी काढा उकळायला लागतो, आणि बऱ्याच घरांत तो चुकीचा उकळतो. तुळस वीस मिनिटं रटरटवतात, मिरी-दालचिनी मूठमूठ टाकतात, सकाळचा काढा रात्री पुन्हा गरम करून पितात. चार दिवसांनी घसा बरा होतो, पण तोंड आलेलं असतं आणि छातीत जळजळ सुरू झालेली असते. वनस्पती त्याच, पण माप आणि कृती बिघडली की असं होतं. म्हणून इथे मोजक्याच वनस्पती घेतल्या आहेत. त्या कशा ओळखायच्या, किती घ्यायच्या, कशा करायच्या आणि कधी थांबायचं, एवढंच नीट सांगायचं आहे.

आधी अपेक्षा जागेवर आणू. साधी सर्दी, फ्लू, व्हायरल ताप यांतला विषाणू आपलं शरीरच आवरतं, बहुतेक वेळा पाच-सात दिवसांत. काढा त्या काळात घसा शेकतो, कफ सुटायला मदत करतो, पोटात पाणी जातं, झोप लागते. हे काम मोलाचं आहे. पण ‘तुळशीने विषाणू मरतो’ असं वाचलंत तर त्यामागचा प्रयोग बहुधा काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींवरचा असतो. तिथे अर्क थेट पेशींवर ओततात. आपण प्यायलेला अर्क आधी पोटातून, आतड्यातून, यकृतातून जातो आणि रक्तात त्याचा अगदी थोडा अंश उरतो. हळदीतलं कुरक्युमिन हे याचं ठळक उदाहरण: प्रयोगशाळेत भरपूर गुण दाखवतं, पण आतड्यातून फारच कमी शोषलं जातं.

वनस्पतीपासून विषाणूवरचं खरं औषध बनलेलं आहे, पण त्याची वाट वेगळी आहे. फ्लूवरचं ओसेल्टामिवीर बनवायला चक्रफुलातलं शिकिमिक आम्ल वापरलं गेलं. ते आम्ल स्वतः विषाणूला काही करत नाही. कारखान्यात अनेक रासायनिक पायऱ्या पार केल्यावर त्याचं औषध होतं. त्यामुळे चक्रफुलाचा चहा म्हणजे फ्लूचं औषध, हा व्हॉट्सअॅपवर फिरणारा संदेश खोटा आहे. हिमालयातल्या वनककडीच्या मुळातून मिळणारं पोडोफायलोटॉक्सिन विषाणूजन्य चामखिळींवर डॉक्टर वापरतात, पण ते मूळ विषारी आहे आणि घरी त्याला हातही लावू नये.

पहिली पायरी: ताप कसला आहे ते बघा

काढा ठेवण्याआधी थर्मामीटर काढा. ताप किती आणि कधीपासून, हे वहीत लिहा. पावसाळ्यात महाराष्ट्रात एकाच आठवड्यात फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या, मलेरिया आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असे पाच वेगवेगळे ताप फिरत असतात. यातले मलेरिया आणि लेप्टो विषाणूचे नाहीतच. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. साचलेल्या पाण्यातून किंवा चिखलातून चालल्यानंतर पुढच्या काही दिवसांत ताप आला, पोटऱ्या प्रचंड दुखताहेत, डोळे लाल आहेत, तर काढ्यात एकही दिवस घालवू नका. लेप्टोवर अँटिबायोटिक आहे आणि ते लवकर सुरू झालं तरच खरं उपयोगी पडतं. थंडी वाजून, हुडहुडी भरून ताप येत असेल तर मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करा.

नाक वाहतंय, शिंका येताहेत, घसा खवखवतोय, बारीक ताप आहे, जेवण-पाणी जातंय, तर मात्र खालचे घरगुती उपाय करायला हरकत नाही.

तुळस आणि आलं: उकळू नका, मुरवा

तुळशीचा गुण तिच्या सुगंधी तेलात आहे. ते तेल उडून जाणारं आहे. काढा उकळताना घरभर छान वास सुटतो, तो वास म्हणजे पातेल्यातून निघून गेलेलं औषध. आयुर्वेदात अशा नाजूक, सुगंधी द्रव्यांसाठी काढा न सांगता फांट सांगितला आहे, म्हणजे गरम पाण्यात घालून, झाकून मुरवणं. मोठ्या माणसाच्या एका वेळेसाठी:

१. सव्वा कप पाणी घ्या (साधारण २०० ते २५० मिली). त्यात अंगठ्याच्या पेराएवढं आलं ठेचून घाला. चार-पाच मिनिटं मंद उकळा. आलं उकळलेलं चालतं.

२. गॅस बंद करा. मगच तुळशीची १० ते १२ पानं हाताने चुरडून आणि गवती चहाच्या दोन पात्या तुकडे करून टाका.

३. लगेच घट्ट झाकण ठेवा. सात-आठ मिनिटं मुरू द्या. झाकणाला लागलेले थेंब पुन्हा पातेल्यात झटका.

४. गाळून कोमट झाल्यावर प्या. दिवसातून दोन-तीनदा पुरे. गोड हवं तर गूळ, किंवा कोमट झाल्यावर एक चमचा मध.

एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका, चाटणातूनही नाही. मधात बोट्युलिझम करणाऱ्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते वाढतात. घरातल्या आजी-पणजींनी बाळांना मध चाटवला असेल, तरीही नाही.

राम तुळस, कृष्ण तुळस दोन्ही चालतात. सब्जाचं रोप तुळशीसारखं दिसतं, पण ते वेगळं. पान मोठं, गुळगुळीत आणि वास गोडसर. त्याने अपाय नाही, फक्त चव आणि गुण तुळशीचा मिळणार नाही.

सुक्या मिश्रणाचं माप

२०२० च्या एप्रिलमध्ये आयुष मंत्रालयाने ‘आयुष क्वाथ’ म्हणून एक प्रमाण जाहीर केलं: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, काळी मिरी १. एका वेळेला ३ ग्रॅम भरड, दीडशे मिली उकळलेल्या पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. घरी करायचं तर ४० ग्रॅम सुकी तुळस, २० ग्रॅम दालचिनी, २० ग्रॅम सुंठ आणि १० ग्रॅम मिरी घ्या. ९० ग्रॅम होतं, म्हणजे ३० वेळांचं. तुळस सावलीत सुकवायची; सुकल्यावर तिचं वजन पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतं, तेव्हा ४० ग्रॅमसाठी पाव किलोच्या आसपास ओली पानं लागतील.

मिश्रण भरड ठेवा, रव्यासारखं. मैद्यासारखं बारीक केलंत तर गाळणीतून खाली उतरतं, तळाशी चिकटतं आणि घशाला टोचतं. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा ३ ग्रॅम नीट दाखवत नसेल तर ३० ग्रॅम मोजा आणि कागदावर दहा सारखे वाटे करा.

करोनाच्या काळात घरोघरी हे प्रमाण सुटलं. लोकांनी चौपट मिरी-सुंठ घालून महिनोन्‌महिने तो काढा प्यायला. पित्त, तोंड येणं, मूळव्याधीचं रक्त, हे सगळं त्यातून होऊ शकतं. ज्यांना मुळातच अॅसिडिटी आहे त्यांनी सुंठ-मिरीचं प्रमाण निम्मं करावं किंवा नुसत्या तुळस-गवती चहावर राहावं. दालचिनीही रोज महिनोन्‌महिने नको. बाजारातली जाड सालीची दालचिनी बहुतेक कॅसिया जातीची असते, तिच्यात कूमरिन जास्त असतं आणि ते जास्त झालं तर यकृताला त्रास देतं.

अडुळसा: कफाच्या खोकल्यासाठी

अडुळसा कुंपणाला लावतात, कारण शेळ्या-गुरं त्याला तोंड लावत नाहीत. झुडूप माणसाच्या उंचीचं. पानं समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी, साधारण वीतभर लांब. चुरडली की उग्र वास. फुलं पांढरी, दोन ओठांसारखी उघडलेली, आत जांभळट रेघा. फूल दिसेपर्यंत खात्री नसेल तर थांबा, किंवा रोपवाटिकेतून नावानिशी रोप आणा.

यातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, आणि अँब्रोक्सॉल हे त्याच घराण्यातलं. म्हणजे अडुळशाच्या खोकल्यावरच्या गुणामागे पक्का आधार आहे. पण तो गुण घट्ट, सुटत नसलेल्या कफासाठी. कोरड्या ढासेवर अडुळशाची फार मदत होत नाही.

कच्चं पान वाटून रस काढायला गेलात तर थेंबही धड निघत नाही, हा नवख्यांचा नेहमीचा अनुभव. पान आधी वाफवायचं:

१. जून, पिवळट पडू लागलेली ८ ते १० पानं धुऊन घ्या. कोवळी पानं नकोत.

२. इडलीपात्रात दहा मिनिटं वाफवा. जुनी पद्धत म्हणजे पानं दुसऱ्या पानांत गुंडाळून, वरून ओली माती लिंपून निखाऱ्यात भाजणं. इडलीपात्राने तेच साधतं.

३. गरम असतानाच खलबत्त्यात कुटा आणि स्वच्छ सुती फडक्यातून पिळा. दोन-तीन चमचे गडद रस निघेल. गार झाल्यावर पिळलंत तर निम्माच येतो.

४. मोठ्या माणसाने दोन चहाचे चमचे (१० मिली) रसात एक चमचा मध घालून दिवसातून दोनदा घ्यावा. तीन ते पाच दिवस. रोज ताजा रस काढा. उरलेला टाकून द्या.

जास्त घेतलात तर मळमळ आणि उलटी होते. गरोदर स्त्रियांनी अडुळसा घेऊच नये; व्हॅसिसीन गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं. डॉक्टरांनी ब्रोमहेक्सीन किंवा अँब्रोक्सॉलचं सिरप दिलं असेल तर सोबत अडुळसा नको. लहान मुलांचं माप वैद्यांनीच सांगावं.

कोरड्या ढासेला ज्येष्ठमधाची काडी बरी. बोटभर काडी दिवसभरात थोडी थोडी चघळायची. पण तिच्यातल्या ग्लायसिऱ्हायझिनने अंगात मीठ-पाणी धरलं जातं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या, हृदयाच्या, किडनीच्या रुग्णांनी आणि गरोदर बायकांनी ती टाळावी, इतरांनीही आठवड्याच्या आत थांबवावी.

गुळवेल: सगळ्यात जास्त काळजी हिची

गुळवेलीवर आमचं स्पष्ट मत असं की पहिल्यांदाच घरगुती औषध करणाऱ्याने ती वगळली तरी काही अडत नाही. करोनात ‘इम्युनिटी’च्या नावाखाली ती इतकी प्यायली गेली की २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. आयुष मंत्रालयाने त्यावर म्हटलं की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नव्हती आणि ती तिची जुळी, टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. वाद कुणीही जिंको, घरी करणाऱ्याने ओळख नीट पटवावी आणि दिवस मोजके ठेवावेत.

ओळखीची खूण अशी: पान हृदयाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. खालून लव असेल तर ती गुळवेलीची बहीण, औषधातली नव्हे. खोडाची वरची साल कागदासारखी पातळ, नखाने खरवडली की सुटते आणि आत हिरवं दिसतं. वेलीवरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. खोड आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. चव कडू. खोडावर दाट, मोठ्या चामखिळींसारखे गोळे असतील तर ती जुळी, सोडून द्या.

ज्यांना करायचीच आहे, वैद्यांना विचारलं आहे, त्यांच्यासाठी काढ्याचं माप: करंगळीएवढं जाड ताजं खोड २० ग्रॅम, ठेचून. सोळापट पाणी, म्हणजे ३२० मिली. स्टीलच्या पातेल्यात, झाकण न ठेवता, मंद आचेवर पाव होईपर्यंत उकळा, म्हणजे ८० मिली. गाळून सकाळ-संध्याकाळ ४० मिली. पातेल्यात सुरुवातीला ८० मिली पाणी ओतून लाकडी चमच्यावर पातळीची खूण करून ठेवली तर अंदाज चुकत नाही. आच मोठी ठेवलीत तर पाणी दहा मिनिटांत उडतं, पण खोडातलं काही उतरत नाही. अॅल्युमिनियमचं किंवा कल्हई गेलेलं पितळेचं भांडं वापरू नका.

ताप असेपर्यंत, जास्तीत जास्त पाच दिवस. भूक मरणं, डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अंगाला खाज सुटणं, यातलं काहीही दिसलं की त्याच क्षणी बंद करून यकृताची रक्ततपासणी करा आणि डॉक्टरांना गुळवेल घेतल्याचं सांगा. संधिवात, ल्युपस, थायरॉइडचा दाह असे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने होणारे आजार असतील, यकृताचा जुना त्रास असेल, तर गुळवेल नकोच. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर ती साखर आणखी उतरवू शकते.

वाफ

साध्या पाण्याची वाफ पुरते. नीलगिरीचं तेल घालायचंच तर मोठ्यांसाठी एक-दोन थेंब. लहान मुलांना वाफेच्या पातेल्यापाशी बसवू नका. उकळतं पाणी सांडून भाजल्याच्या घटना याच उपायात होतात. कापराची पुरचुंडी बाळाच्या उशाशी किंवा गळ्यात बांधू नका. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, आणि त्यासाठी थोडासाही पुरतो.

डेंग्यू, कावीळ, कांजिण्या आणि नागीण

डेंग्यूत पपईच्या पानांच्या रसाबद्दल सगळे विचारतात. काही छोट्या चाचण्यांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या. पण डेंग्यूत माणूस दगावतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब पडल्याने, आणि त्यावर पपईचं पान काही करतं असं दिसलेलं नाही. रसाने उलट्या झाल्या तर अंगातलं पाणी आणखी जातं. ओआरएस, भाताची पेज, शहाळ्याचं पाणी हे पपईपेक्षा मोठं औषध आहे. तापाला पॅरासिटामॉलच, अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, रक्तस्राव वाढतो. सगळ्यात फसवी वेळ ताप उतरल्यानंतरची. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप गेला आणि पोट जोरात दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, माणूस सुस्तावला किंवा बेचैन झाला, तर रात्री दोन वाजताही रुग्णालय गाठा.

कावीळीत भुईआवळा देतात. रोपटं वीतभर, पानांच्या खाली ओळीने बारीक हिरवी फळं. १९८८ मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बी वर त्याचा गुण प्रसिद्ध केला आणि जगभर आशा वाढली. नंतरच्या चाचण्यांत तो गुण तसा टिकला नाही. पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुधा आपोआप बरी होते, त्यामुळे तेव्हा घेतलेल्या कुठल्याही पाल्याला यश मिळतं. गरोदर बाईची कावीळ मात्र हिपॅटायटिस ई ची असू शकते आणि ती जिवावर बेतते. तिथे गावठी औषध अजिबात नको.

कांजिण्यांत कडुनिंबाचा पाला घातलेल्या कोमट पाण्याने अंग पुसलं तर खाज कमी वाटते. फोड चोळू नका. मुलाला अॅस्पिरिन देऊ नका. नागीण उठली की गेरू फासणं आणि तिची ‘दोन तोंडं जुळण्याची’ भीती, हे अजूनही गावोगावी चालतं. तोंडं जुळून कुणी मरत नाही. पण असायक्लोव्हीरसारखी गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाली तर सर्वात चांगली लागू पडते, आणि गेरूत ते तीन दिवस निघून जातात. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर पुरळ असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

घरच्या उपायांवर थांबायचं नाही, अशी वेळ

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट ताप आला तर लगेच. मोठ्यांना तीन दिवसांच्या पुढे ताप, धाप लागणं, ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली, छातीत दुखणं, बोलण्यात गोंधळ, लघवी खूप कमी होणं; मुलांनी पाणी सोडणं, छाती आत ओढून श्वास घेणं. बरा होत आलेला ताप पुन्हा चढला तर न्यूमोनिया झाला असेल.

वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांनी जेवणातलं आलं-हळद चालू ठेवावं, पण काढे-कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच. मिरीतलं पाइपरीन काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. फेनिटॉइन त्यातलं एक, म्हणून फिटची औषधं चालू असताना मिरीचा काढा नको. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी सगळे काढे बंद, आणि भूलतज्ज्ञांना सांगायचं.

आणायचं, साठवायचं, लावायचं

काष्ठौषधीच्या दुकानातून अख्खी द्रव्यं घ्या, चूर्ण नको. चुर्णात काय मिसळलंय हे डोळ्यांना कळत नाही. डब्यातलं औषध घेताना परवाना क्रमांक, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, प्रत्येक द्रव्याचं प्रमाण छापलेलं हवं. पावसाळ्यात सुंठ आणि दालचिनीला बुरशी लवकर धरते. पांढरट लव किंवा कुबट वास आला की वाळवून परत वापरू नका. बुरशीचं विष उन्हाने जात नाही. काचेच्या बरणीत, तारखेची चिठ्ठी लावून ठेवा आणि एक पावसाळा उलटला की बदला.

अडुळसा आणि गुळवेल दोन्ही छाटावरून लागतात. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की पेन्सिलीएवढ्या जाड, चार डोळ्यांच्या कांड्या तिरप्या कापून दोन डोळे मातीत जातील अशा लावा. महिनाभरात फुटवा येतो. रस्त्याकडेच्या, कीटकनाशक फवारलेल्या शेताच्या किंवा सांडपाण्यालगतच्या झुडपांची पानं औषधाला घेऊ नका. गुळवेल काजऱ्यावर किंवा अशाच विषारी झाडावर चढू देऊ नका, तिला कडुनिंबाचा आधार द्या. लावल्या दिवशीच नावाची पाटी खोचा, कारण पानं फुटल्यावर शेजारची रानवेल आणि आपली वेल यांत गल्लत सहज होते.